तवा बदलाल, पाणी कुठून बदलाल?

एप्रिल २०२४ मध्ये पॅरिसला फ्रान्सच्या संसदेजवळ कामगारांनी तवे बडवत निदर्शनं केली. टेफल या नॉनस्टिक भांड्यांच्या कंपनीचे ते कामगार. पीफास, म्हणजे फ्लोरिन असलेल्या आणि निसर्गात सहसा न विघटणाऱ्या मानवनिर्मित रसायनांच्या गटावर बंदी घालणारं विधेयक संसदेत चर्चेला येत होतं आणि त्यात स्वयंपाकाची भांडीही धरलेली होती. तवे बडवल्याचा उपयोग झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कायदा मंजूर झाला, १ जानेवारी २०२६ पासून सौंदर्यप्रसाधनं, कपडे आणि स्कीला लावायचं मेण यांत ही रसायनं वापरायला मनाई झाली, भांडी मात्र सुटली. लिपस्टिक वाईट आणि तवा निर्धोक, असा अर्थ कुणी यातून काढला तर त्याला हसता येणार नाही.

तव्यापुरतं बोलायचं तर तो निर्धोक असल्याचं कंपन्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हेही आधी सांगून टाकतो. तव्यावरचा तो काळा थर म्हणजे पीफास गटातलंच टेफ्लॉन. १९३८ मध्ये ड्यूपॉन्ट या अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट नावाचा रसायनशास्त्रज्ञ शीतकासाठी वायू शोधत होता, तेव्हा सिलिंडरमधून वायू यायचा बंद झाला आणि सिलिंडर कापून पाहिला तर आत पांढरी, मेणचट भुकटी. ती कशालाच चिकटेना, कशातच विरघळेना. कार्बन आणि फ्लोरिन यांची पकड सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सर्वांत घट्ट पकडींपैकी आहे, त्यामुळे आम्ल, तेल, जिवाणू, कुणाचीच तिथे मात्रा चालत नाही. थराचा एखादा कपचा घावनाबरोबर पोटात गेला तर तो बहुधा जसा गेला तसाच बाहेर पडतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरू नये, एवढं पथ्य मात्र पाळावं. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे थर बिघडायला लागतो आणि त्याहून जास्त तापला की निघणाऱ्या धुराने घरातला पोपट मरू शकतो. माणसालाही तापासारखं होतं. घरगुती सल्ला माझ्याकडे एवढाच आहे.

खरी अडचण तवा बनवताना होती. टेफ्लॉन तयार करताना पीएफओए नावाचं मदतनीस रसायन वापरलं जाई. ते तव्यात फारसं उरत नसे. ते कारखान्याच्या सांडपाण्यात जाई, चिमणीतून हवेत जाई. आता भांड्यांच्या कुठल्याही दुकानात जा, तव्यावर हिरवं स्टिकर असतं : पीएफओए फ्री. बहुतेकदा ते खरंही असतं. पण पीफास हे हजारो रसायनांचं गोत आहे. युरोपात २०२३ मध्ये पाच देशांनी सरसकट बंदीचा जो प्रस्ताव मांडला, त्यात अशी सुमारे दहा हजार रसायनं धरली आहेत. त्यातलं एक नाही, एवढंच ते स्टिकर सांगतं. त्याच्या जागी कोणतं आलं, हे सांगत नाही. आणि ज्या गावात ते बनतं त्या गावाबद्दल तर स्टिकर काहीच बोलत नाही.

घरात ही रसायनं तव्यापेक्षा इतरत्रच जास्त सापडतात : डाग न धरणारा सोफा, पाणी न शोषणारं जाकीट, मायक्रोवेव्हमध्ये फुलवायच्या पॉपकॉर्नची पिशवी, बर्गरभोवतीचा तेल न पिणारा कागद, घामाने न ओघळणारं काजळ. (आपल्या वडापावचा वर्तमानपत्राचा कागद या गुन्ह्यात निर्दोष आहे, तो तेल मनसोक्त पितो. त्याच्यावर शाईचा खटला वेगळा आहे.) यातलं थोडं धुळीतून, थोडं अन्नातून शरीरात जातं. पण कारखान्यांभोवतीची गावंच्या गावं जिथे गंभीरपणे बाधित झाली, तिथे मुख्य वाट होती पिण्याचं पाणी. म्हणून ‘घरातून ही दहा उत्पादनं हद्दपार करा’ छापाचे लेख वाचले की मला चीड येते. ज्याला परवडतं तो तीन हजारांचा बिडाचा तवा घेतो आणि निश्चिंत होतो. प्रश्न मात्र कारखान्याखालच्या गावातल्या विहिरीत तसाच राहतो.

हे आज आपल्याला ठाऊक आहे, ते कसं कळलं याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ ड्यूपॉन्टचा टेफ्लॉनचा कारखाना. शेजारचा शेतकरी विल्बर टेनंट याची गुरं पटापट मरू लागली. ती ज्या ओढ्याचं पाणी पीत, त्याच्या वरच्या अंगाला कंपनीचं कचऱ्याचं मैदान होतं. १९९८ मध्ये तो रॉब बिलॉट या वकिलाकडे गेला. पुढे कंपनीचे कागद कोर्टात आले आणि त्यांतून दिसलं की कंपनीने १९८१ मध्येच टेफ्लॉन विभागातल्या बायकांना त्या कामावरून हलवलं होतं आणि १९८४ मध्ये आसपासच्या गावांतलं नळाचं पाणी गुपचूप तपासलंही होतं. रसायन सापडलं होतं. गावाला सांगितलं नाही.

२००४ च्या तडजोडीत लोकांच्या बाजूने एक शहाणपणाचं पाऊल उचललं गेलं. मिळालेल्या पैशातला मोठा भाग सरसकट वाटून न टाकता रक्त तपासण्यात घातला. रक्त देऊन प्रश्नावली भरणाऱ्या प्रत्येकाला ४०० डॉलर. सुमारे ६९,००० लोक पुढे आले. दोन्ही बाजूंना मान्य अशा तीन शास्त्रज्ञांनी काही वर्षं त्या आकड्यांवर काम केलं आणि २०१२ पर्यंत सहा आजारांशी पीएफओएचा संबंध संभवतो असा निष्कर्ष दिला : मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, आतड्याला व्रण पडणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला उच्च रक्तदाब. २०१७ मध्ये ६७ कोटी डॉलरच्या वर भरपाई द्यावी लागली, ती या निष्कर्षाच्या जोरावर. आंदोलन, वकील, वर्तमानपत्रं सगळं खरं. पण पारडं फिरवलं ते त्या ६९,००० नळ्यांतल्या रक्ताने.

त्यानंतर पुरावा साचतच गेला. पीएफओए शरीरात गेलं की रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसतं, मूत्रपिंड ते बाहेर टाकण्याऐवजी बरंचसं परत ओढून घेतं, त्यामुळे त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला दोन ते चार वर्षं लागतात. गटातल्या काही भावंडांना त्याहून जास्त. नाळेतून ते गर्भात जातं, दुधातून बाळात जातं. (यावरून कुणी अंगावर पाजणं थांबवू नये, दुधाचे फायदे मोठे आहेत आणि डॉक्टरही तेच सांगतात.) फॅरो बेटांवरच्या मुलांच्या पाहणीत ज्यांच्या रक्तात ही रसायनं जास्त, त्यांच्या अंगात धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशीने तयार होणारी प्रतिपिंडं कमी आढळली. लस टोचली, नोंद झाली, पण संरक्षण अर्धवट. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२२ मध्ये प्रतिपिंडांची घट, कोलेस्टेरॉलची वाढ, गर्भाची आणि बाळाची खुंटलेली वाढ आणि मूत्रपिंडाचा कर्करोग या चार गोष्टींसाठी पुरावा पुरेसा असल्याचं म्हटलं. २०२३ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलं. अमुक एका माणसाचा कर्करोग याच रसायनाने झाला, असं बोट दाखवता येत नाही. हजार माणसांत धोका किती वाढला, ते सांगता येतं. ज्याचं नुकसान असं विखुरलेलं असतं, त्याला न्याय मिळवून देणं कठीण जातं, आणि अशा धंद्याचं तेच मोठं कवच आहे.

आता इटलीकडे वळू, कारण तिथून वाट थेट रत्नागिरी जिल्ह्यात येते.

व्हेनेटो प्रांतात व्हिचेंझाजवळ त्रिस्सिनो नावाचं गाव आहे. तिथे मितेनी ही कंपनी अनेक दशकं पीफास बनवत होती. २०१३ मध्ये शासकीय संशोधन संस्थेच्या पाहणीतून कळलं की कारखान्याखालचं भूजल दूषित झालंय आणि ते तीन जिल्ह्यांतल्या गावांच्या नळाला येतंय. सुमारे साडेतीन लाख लोक बाधित क्षेत्रात होते. प्रांतिक सरकारने रक्ततपासणी हाती घेतली, मुलांचे अहवाल टपालाने घरी आले आणि कागदावरचे आकडे पाहून आया रस्त्यावर उतरल्या. ‘पीफास नको म्हणणाऱ्या आया’ हीच त्यांच्या संघटनेची ओळख झाली. २०१८ मध्ये मितेनीचं दिवाळं निघालं. १९८५ ते २०१८ या काळात तिथे अपेक्षेपेक्षा सुमारे ३,९०० मृत्यू जास्त झाले, असा अंदाज इटालियन संशोधकांनी मांडला. २६ जून २०२५ रोजी व्हिचेंझाच्या न्यायालयाने पंधरापैकी अकरा अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. शिक्षांची बेरीज १४१ वर्षं.

दिवाळं निघालेल्या कारखान्याच्या यंत्रांचं काय होतं? लिलाव होतो. लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या आपल्याकडच्या कंपनीने उपकंपनीमार्फत मितेनीची यंत्रसामग्री आणि पेटंटं विकत घेतली. यंत्रं जहाजातून आली आणि खेड तालुक्यातल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत बसवली गेली. हे लपूनछपून झालेलं नाही; शेअर बाजारात उतरताना कंपनीनेच कागदोपत्री सांगितलेलं आहे. २०२५ मध्ये उत्पादन सुरू झाल्याच्या बातम्या आधी युरोपातल्या वर्तमानपत्रांत झळकल्या आणि मग आपण जागे झालो.

मी आरोप करतोय असं कुणी समजू नये. जुनी यंत्रं विकत घेणं हा गुन्हा नाही. त्याच यंत्रांवर वेगळं रसायन, वेगळ्या काळजीने बनवता येतं. औषधं आणि कीटकनाशकं यांच्या कच्च्या मालाला फ्लोरिनची रसायनं लागतात, हेही खरं. लोट्यात आज काही बिघडलं आहे असा पुरावा माझ्या हातात नाही. माझा मुद्दा नेमका इथेच सुरू होतो. बिघडलेलं नाही, याचा पुरावा कुणाच्या हातात आहे?

लोटे म्हणजे मुंबई-गोवा महामार्गालगत, परशुराम घाटाच्या अलीकडे पसरलेलं पठार. तिथलं पाणी ओढ्या-नाल्यांतून उतरतं ते सोनपात्रा नदीला, वाशिष्ठीला आणि शेवटी दाभोळ खाडीला. त्या खाडीवर जगणारा भोई समाज गेली कित्येक वर्षं सांगतोय की खाडीत मासे मरून वर येतात. हे पीफासच्या आधीपासूनचं दुखणं. दरवेळी ठरलेला क्रम : मेलेल्या माशांचे फोटो, निवेदन, पाण्याचे नमुने, अहवालाची वाट. पण सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जे मोजलं जातं, ते मुख्यतः पाण्याचा आम्लपणा, ऑक्सिजनची रासायनिक गरज, विरघळलेले क्षार. जिवाणू सोडून सेंद्रिय घाण कुजवायची, हा तिथला मूळ उपाय. ज्या पदार्थाला जिवाणू शिवत नाहीत, तो पदार्थ त्या टाकीतून जसाच्या तसा पुढे जातो किंवा गाळात बसतो. केंद्र अगदी आदर्श चाललं तरी.

त्यामुळे वेगळं मोजावं लागतं, आणि हे मोजणं नाजूक काम आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओएची जी मर्यादा घातली, ती एक लाख कोटी भागांत चार भाग अशी आहे. इतक्या बारीक मोजणीत नमुना घेणाऱ्याचे कपडेही घोटाळा करू शकतात. म्हणून सूचना असतात : बाटली ठरावीक प्लॅस्टिकचीच हवी, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर नको, अंगात वॉटरप्रूफ जाकीट नको, त्या दिवशी चेहऱ्याला क्रीम नको. कोकणातल्या जुलैत रेनकोटशिवाय ओढ्यात उतरून पाणी भरायचं, असा तो प्रकार. अवघड आहे, स्वस्तही नाही, पण अशक्य मुळीच नाही. चेन्नईच्या परिसरातल्या जलसाठ्यांत आणि गंगेत आपल्याच देशात संशोधकांनी हे मोजलेलं आहे.

मोजण्याची सक्ती मात्र नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, आर्सेनिक आहे, शिसं आहे, कीटकनाशकांची लांबलचक यादी आहे, पीफासची मर्यादा नाही. चिवट विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात पीफासपैकी पीएफओएस २००९ मध्ये आलं, पीएफओए २०१९ मध्ये, पीएफएचएक्सएस २०२२ मध्ये. भारताने २०२० मध्ये या करारातली सात रसायनं मान्य केली. त्यात या तिघांपैकी एकही नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाद्यपदार्थांच्या वेष्टनांत पीफासना मनाई करण्याचा मसुदा काढला. चांगलं पाऊल आहे, स्वागत करू. पण पुन्हा तेच, गिऱ्हाइकाच्या हातातला कागद सुधारायचा आणि कागदाला लागणारं रसायन जिथे बनतं तिथल्या पाण्याबद्दल मौन.

दुसऱ्या देशात नकोशी झालेली यंत्रं आपल्याकडे येण्याची ही पहिली वेळ नव्हे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउनचा पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना १९८० च्या दशकात उचलून कोडाईकनालला आणला गेला. पुढे तो हिंदुस्तान लिव्हरकडे आला. पारा फुटलेल्या काचेतून भंगारवाल्याकडे आणि शोला जंगलात पोचला, लोकांनी आवाज उठवला, २००१ मध्ये कारखाना बंद झाला आणि माजी कामगारांशी तडजोड व्हायला २०१६ उजाडलं. वादाची पंधरा वर्षं बरीचशी एकाच मुद्द्यावर खर्ची पडली : कामगारांचे आजार पाऱ्यामुळे झाले की आधीपासून होते? कामावर घेताना कुणाच्या शरीरात पारा किती होता, याची विश्वासार्ह नोंद असती तर एवढा काथ्याकूट झाला नसता.

‘आधीचा आकडा’ हीच माझी मागणी आहे. लोट्याच्या परिसरातल्या विहिरी, बोअरवेल, नळपाणी योजना, ओढे, खाडीतला गाळ आणि मासे यांत पीफास किती आहेत, हे आत्ताच मोजून ठेवावं. खुषीने पुढे येणाऱ्या काही शे कामगारांचं आणि गावकऱ्यांचं रक्त तपासून ठेवावं. ज्याचं त्याला त्याचा अहवाल मराठीत मिळावा आणि पाण्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. शून्याजवळ आले तर कंपनीचाच फायदा. तिला ते मिरवता येतील. जास्त आले तर निदान घडा भरायच्या आत कळेल. आणि हे लोट्यापुरतं नको. राज्यात जिथे जिथे फ्लोरिनची रसायनं बनतात किंवा कापडावर, कागदावर, भांड्यांवर चढवली जातात, तिथे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राच्या अटींतच ही मोजणी घालावी. खर्च उत्पादकाचा, नमुने घेणारा त्रयस्थ.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : कोकणात आधीच रोजगार नाही, आहेत ते कारखानेही पळवून लावता का? लोट्यातल्या पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या घरी चूल त्यावर चालते, म्हणून मी हा आक्षेप हसण्यावारी नेत नाही. पण मोजणीने कारखाना पळत असेल तर तो कशाच्या भरवशावर आला होता? मितेनीच्या दिवाळ्यात नोकऱ्याही गेल्याच. शिवाय ज्यांच्या रक्तात सर्वांत जास्त प्रमाण निघालं, त्यांत तिथले कामगार होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पीफास सरसकट वाईट ठरवले तर हृदयशस्त्रक्रियेतल्या कृत्रिम रक्तवाहिन्यांचं काय, सेमीकंडक्टरचं काय? इथे ओझोनच्या कराराने घालून दिलेली वाट उपयोगी पडते : जिथे पर्याय नाही आणि गरज खरी आहे, तिथे मुदतीसह परवानगी, बाकीच्यांना निरोप. कृत्रिम रक्तवाहिनी आणि पॉपकॉर्नची पिशवी एका तागडीत टाकायची गरज नाही. डेन्मार्कने २०२० मध्येच कागदी खाद्यवेष्टनांतून हे काढलं. तिथे कुणाचं खाणं अडलेलं नाही. थ्रीएम या अमेरिकी कंपनीने २०२५ अखेर आपलं सगळं पीफास उत्पादन थांबवण्याचं २०२२ मध्ये जाहीर केलं, ते काही हृदयपरिवर्तन होऊन नव्हे. खटले अंगाशी येऊ लागल्यावर हिशोब बदलला; पुढच्याच वर्षी पाणीपुरवठा संस्थांना एक हजार कोटी डॉलरहून जास्त भरपाई कबूल करावी लागली. आणि बड्या उत्पादकाने धंदा सोडला की मागणी संपत नाही, ती जिथे नियम सैल तिथे सरकते. ती आपल्याकडे सरकली तर नवल नाही.

पाणी एकदा दूषित झालं की शुद्ध करण्याची साधनं आहेत : सक्रिय कार्बनचे गाळणे, आयन अदलाबदलीचे राळेचे थर, आरओ. उकळून उपयोग नाही. उकळल्याने पाणी आटतं आणि रसायन तेवढंच उरतं. शहरातला माणूस सिंकखालच्या आरओवर विसंबेल, त्यातून टाकून दिलेलं पाणी मात्र रसायनासकट गटारात जाईल. खाडीकाठच्या वाडीने काय करायचं? त्रिस्सिनोच्या खालच्या गावांना अखेर दुसरीकडून जलवाहिन्या टाकून पाणी आणावं लागलं. कोकणात चार महिने धो धो पाऊस कोसळूनही उन्हाळ्यात टँकर फिरतात. तिथे ‘दुसरीकडून’ म्हणजे कुठून, हे जिल्हा परिषदेने एकदा कागदावर मांडून पाहावं. त्या पाइपलाइनच्या अंदाजपत्रकाशेजारी आजच्या दोन-तीनशे नमुन्यांचा खर्च मांडला की निर्णय घ्यायला मंत्रालयात फार बैठका लागू नयेत. भूजलाचे नमुने एप्रिल-मेमध्ये, विहिरी तळाला गेलेल्या असताना, आणि पुन्हा पावसाळा संपल्यावर घ्यावेत. पहिली फेरी येत्या उन्हाळ्यात सुरू करता येईल.